म्हसोबाच्या डोहाची हद्द

साल एकोणीसशे त्र्याहत्तर. तेव्हा माझं वय आईच्या हिशोबानं एकतीस आणि शाळेच्या दाखल्यावर अठ्ठावीस. दाखला चुकीचा आहे. नाव घालायच्या दिवशी गुरुजींनी मला वरून खाली एकदा बघितलं आणि मनाला येईल तो आकडा टाकला. त्या शाळेत मी चौथीपर्यंत गेलो आणि मग नदीवर गेलो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी चुका काढत बसायचं नाही. हे छापणाऱ्या दिवाळी अंकवाल्या बाईंनाही मी बजावलंय, ऱ्हस्व-दीर्घ तुमचं तुम्ही बघा, पण माझं म्हणणं दुरुस्त करू नका.

आम्ही भोई. काष्टीच्या पुढं, भीमेच्या अलीकडच्या काठाला आमची वाडी. पलीकडच्या काठाला दुसरी वाडी, तेही भोईच. मधे नदी. पण आमचा जिल्हा नगर, तालुका श्रीगोंदा, आणि त्यांचा जिल्हा पुणे, तालुका दौंड. आम्ही मासळी काष्टीच्या बाजारात नेणार, ते दौंडला रेल्वेच्या चाळींत नेणार. बोली एक, देव एक, सोयरीक आपसांत. माझी आई तिकडची, माझी आत्या तिकडं दिलेली. भांडण मात्र दर सालचं.

ज्यांना नदीचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीत सगळीकडं मासा नसतो. पाणी पसरट असतं तिथं पोरं डुंबतात आणि म्हशी बसतात. मासा राहतो डोहात. आमच्या हद्दीतला मोठा डोह म्हसोबाचा. खडकाच्या पायथ्याला, खोल, उन्हाळ्यातसुद्धा तळाला गार. मरळ, वाम, शिंगटी, रोहू, सगळं त्यात. ज्याच्याकडं डोह त्याच्या घरी चूल. म्हणून डोहात हद्द पाडावी लागायची. नदीवर काही बांध घालता येत नाही, दगड रोवता येत नाही. मग आमच्या वाडवडलांनी एक रीत काढली होती.

दसऱ्याच्या दिवशी दोन्ही वाड्यांची माणसं डोहाच्या वरच्या अंगाला जमायची. एक वाळलेला भोपळा, ज्याला धरून आम्ही नदी पोहतो तसला, त्याला हळद-कुंकू लावायचं आणि पाण्यात सोडायचा. धार त्याला जिकडून नेईल ती त्या सालची हद्द. भोपळ्याच्या अलीकडचं पाणी आमचं, पलीकडचं त्यांचं. पुढच्या दसऱ्यापर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. एखाद्या साली भोपळा आमच्या काठाला घासून जायचा, तेव्हा आम्ही वर्षभर हात चोळत बसायचो. एखाद्या साली त्यांच्या काठाला. पण मान्य. नदीनंच सांगितलं म्हटल्यावर कुणाशी भांडणार?

बहात्तरला पाऊस पडला नाही. दसऱ्याला आम्ही जमलो, भोपळा सोडला, आणि भोपळा जागचा हलेना. डोहात धारच नव्हती. पाणी थाळीत ओतल्यासारखं निपचित. तासभर सगळे भोपळ्याकडं आणि भोपळा आमच्याकडं बघत राहिला. म्हाताऱ्यांनी म्हसोबाला नारळ फोडला. मग दुपारी पलीकडून वारा सुटला आणि भोपळा हळूहळू सरकत आमच्या काठाला येऊन टेकला. अगदी माझ्या पायापाशी.

पलीकडं रावजी तात्या उभे होते. त्यांच्या वाडीचे म्होरके. उंच, पिळदार, मिशीला दिवसातून चारदा हात लावणारे. ते म्हणाले, "झालं. भोपळा तुमच्या काठाला लागला. आता समदा डोह आमचा."

मी म्हणालो, "तात्या, भोपळा वाऱ्यानं आलाय. रीत पाण्याची हाय, वाऱ्याची न्हाई."

"आमच्या बापजाद्यांनी भोपळा म्हटलं हुतं. तो कशानं चालतो त्ये न्हाई म्हटलं."

"मंग मी आता फुंकर मारतो, बघा कुठं जातो त्यो."

माझ्याकडचे हसले, त्यांच्याकडचे चिडले, आणि हद्द ठरायची राहिली.

आता खरी अडचण सांगतो. माझी धाकटी बहीण कौसा, तिची सुपारी त्याच श्रावणात फुटली होती आणि नवरा मुलगा होता बबन, याच रावजी तात्यांचा थोरला. लग्न वैशाखात धरलेलं. वडील आमचे वारलेले, त्यामुळं वाडीचं म्होरकेपणही माझ्याकडं आणि तिचं करायचं तेही मीच. हिवाळाभर काही बिघडलं नाही, कारण बाकीच्या डोहांत थोडंफार पाणी होतं, प्रत्येकजण आपलं आपलं मारून खात होता. चैत्रात ते डोह आटले. भेगा पडल्या. सगळ्या नदीत पाणी उरलं ते म्हसोबाच्या डोहात, आणि सगळ्या नदीचा मासाही तिथंच येऊन बसलेला.

मग तात्यांनी निरोप धाडला. हद्द ठरल्याशिवाय हळद लागणार नाही. मी उलटा निरोप धाडला. हद्द ठरल्याशिवाय आम्हीच हळद लावू देणार नाही. खरं म्हणजे दोघांचं म्हणणं एकच होतं, पण आम्ही ते एकमेकांना धमकी म्हणून पाठवलं.

नाकेबंदी सुरू झाली. आमच्या काठाला आमची माणसं, त्यांच्या काठाला त्यांची. कुणी पाण्यात जाळं टाकायचं नाही. मी दिवसभर खडकावर बसून डोह राखायचो. डोह आमच्या खडकाला लागून आहे, नदीचं मूळचं पात्र मोजलं तर मधली रेघ डोहाच्याही पलीकडं जाते, म्हणजे अख्खा डोह नगर जिल्ह्यात, हे माझं म्हणणं. ते मी आजही सोडलेलं नाही.

घरात मात्र माझ्या म्हणण्याला किंमत नव्हती. आई आणि कौसा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. मी जात नव्हतो. भोयाच्या हातात जाळं शोभतं, हातोडा नाही, असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो. संध्याकाळी कौसा यायची, अंगावर पांढरी धूळ, हातांना फोड, आणि रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी थापता थापता म्हणायची, "दादा, आज पानी कुनी चोरून तर न्हाई ना नेलं?"

"गप बस."

"न्हाई, इचारते आपली. आमी दोघी खडी फोडतोय त्ये ठीक हाय, पर तुझं काम लई जोखमीचं."

"तुझ्यासाठीच करतोय."

"माझ्यासाठी? मला तर वाटलं नगर जिल्ह्यासाठी."

जिभेला हाड नव्हतं तिच्या. आई तोंडावर पदर धरून हसायची.

पोलीस ठाण्याचे जमादार एकदा येऊन गेले. आमच्याच बाजूच्या कुणीतरी तक्रारीचा कागद केला होता. त्यांनी काठावर उभं राहून पान खाल्लं आणि विचारलं, "मारामारी झाली तर कुठं होईल?"

मी म्हणालो, "पान्यात."

"पाणी कुठल्या जिल्ह्याचं?"

"त्येच तर भांडान हाय, सायेब."

"मग आधी ते ठरवा आणि मग मारामारी करा," असं म्हणून ते सायकलवर बसून गेले. दोन दिवसांनी पलीकडच्या काठाला त्यांच्याकडचे जमादार आले आणि तेच बोलून गेले. सरकारी शिकवणूक सगळीकडं सारखी असते हे मला तेव्हा कळलं.

आमच्या वाडीच्या शाळेवर साळवे मास्तर होते. श्रीरामपूरकडचे, ख्रिस्ती, एकटेच राहायचे. सडपातळ माणूस, शर्ट कायम विजारीत खोचलेला, आणि मासळीचे असे शौकीन की माशाचा काटा दातांत न अडकता काढायचं कसब मी आमच्या वाडीतही एवढं पाहिलं नाही. माझं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक ते. पण खोड अशी की माशाच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचे आणि मगच घ्यायचे. "याच्या डोळ्यात पाणी नाही, मारुती," असं म्हणून परत करायचे. नाकेबंदीत त्यांचे फार हाल झाले. डाळीवर दिवस काढत होते आणि चेहरा उतरला होता.

एस.टी.नं आदल्या दिवसाचा पेपर यायचा. तो घेऊन ते एकदा खडकावर माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "मारुती, तुझ्यासारखेच लोक जगात आणखी आहेत." मग त्यांनी वाचून दाखवलं. कुठल्याशा थंड मुलखात एक बेट आहे. त्यांनी जाहीर केलं की काठापासून पन्नास मैल समुद्र आमचा, दुसऱ्या कुणी मासे धरायचे नाहीत. शेजारच्या मोठ्या देशाच्या बोटी तरी येतात, तेव्हा बेटवाले जाऊन त्यांची जाळी कापतात.

"आन् मोठा देश काय करतो?"

"लढाऊ जहाजं पाठवतो."

"मासळीसाठी?"

"मासळीसाठी."

मला फार बरं वाटलं. घरात मला खुळ्यात काढत होते, आणि इथं तोफा लावलेली जहाजं माझ्या बाजूनं होती. मी विचारलं, "मास्तर, त्या दोन देशांत सोयरीक हाय का?"

"सोयरीक? नाही बुवा."

"मंग त्यांचं लवकर मिटंल."

मास्तर हसले, मग एकदम गंभीर झाले. म्हणाले, "ते लोकसुद्धा मधून मधून बोलणी करतात. तुम्ही तेवढं तरी करा."

बोलणी करायची म्हणजे कुठं? मी त्यांच्या काठावर जाणार नाही, तात्या आमच्या काठावर येणार नाहीत. मास्तरांनी दोन वेळा पोहत जाऊन निरोप पोचवले. शेवटी ठरलं, डोहाच्या मधोमध, पाण्यावर. पण होडी कुणाची? आमची होडी म्हणजे आमची जमीन, त्यांची होडी म्हणजे त्यांची. मग मास्तरांनीच तोड काढली, की होडी नको, काहील घ्या.

काहील म्हणजे गूळ करायची लोखंडी कढई. आमच्याकडं ऊसवाल्यांच्या गुऱ्हाळावर असते, एवढी मोठी की चार माणसं आत बसतील. जुनी झाली की आम्ही ती नदीत घालतो आणि तिच्यातून माणसं, शेळ्या, पोती पार करतो. काहिलीला पुढचं तोंड नाही, मागचं तोंड नाही. एका मराठा शेतकऱ्याच्या गुऱ्हाळातली काहील मागून आणली, तो कुणाच्याच बाजूचा नव्हता.

ठरल्या दिवशी सकाळी दोन्ही काठ माणसांनी भरले. मी अलीकडून पोहत गेलो, तात्या पलीकडून. मास्तर काळी छत्री उघडून काहिलीत मधोमध बसलेले, पंच म्हणून. मी एका कडेला बसलो, तात्या समोरच्या कडेला. प्रत्येकाच्या हातात आपापलं वल्हं, कारण काहील कुणाच्या काठाकडं सरकू द्यायची यावर आमचा एकमेकांवर भरवसा नव्हता.

आणि इथं आम्ही जी चूक केली ती दोन भोयांशिवाय कुणी करणार नाही. काहील जराशी माझ्या बाजूला सरकली की तात्या वल्हं मारायचे. ती तिकडं सरकली की मी मारायचो. समोरासमोर बसून दोघांनी आपापल्या उजव्या हातानं वल्हं मारलं, आणि गोल काहील भवऱ्यासारखी फिरायला लागली. मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा माझी वाडी तात्यांच्या मागं दिसत होती. वाक्य संपलं तेव्हा त्यांची वाडी तिथं होती. मी हातवारे करून "हे आमचं" म्हणत होतो आणि बोट दौंडाकडं होतं.

काठावरून लोक ओरडत होते. आमच्याकडून कुणीतरी, "मारुती, गूळ ढवळतोयस का?" पलीकडून, "तात्या, पाक आला का बघा."

मास्तर पांढरेफटक पडले. छत्री मिटली आणि म्हणाले, "दोघंही वल्ही खाली ठेवा, नाहीतर मी इथंच ओकेन. मग ते कुठल्या जिल्ह्यात पडलं ते तुम्ही ठरवत बसा."

आम्ही वल्ही ठेवली. काहील फिरता फिरता थांबली. सगळं शांत झालं, आणि तेवढ्यात काहिलीच्या कडेशी एक रोहू वर आला. चांगला लेकराएवढा. तोंड पाण्याबाहेर काढून त्यानं हवा घेतली, तोंड मिटलं, परत उघडलं. मग दुसरा आला. मग पलीकडं तिसरा. आजूबाजूला बघितलं तर डोहभर तोंडंच तोंडं.

ही गोष्ट काठावरून दिसत नव्हती. पाणी कमी झालं, तापलं, की माशाचा आत दम कोंडतो. तो वर येऊन तोंड मारायला लागला की समजायचं, आता फार वेळ नाही. मग एका सकाळी सगळा डोह पांढरी पोटं वर करून तरंगतो आणि त्याचा कुणालाच उपयोग नसतो, घारीसुद्धा कंटाळतात.

मी तात्यांकडं बघितलं. तेही माझ्याकडं बघत होते. मिशीवरचा हात खाली आला होता.

"तात्या, किती दिस?"

"दोन. लई झालं तर तीन."

"माझाबी तेवढाच अदमास हाय."

दसऱ्यापासून आमचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

"तू काढ मंग," तात्या म्हणाले. "तुझ्याकडं वडायचं जाळं हाय."

"माझं जाळं पुरत न्हाई. निम्म्या डोहाचं हाय. मासा पलीकडून निसटंल."

"माझंबी निम्म्याचंच हाय."

मास्तर डोकं धरून बसले होते. पण पंचाला कधी कधी नुसतं बसून राहावं लागतं, आणि ते काम त्यांनी चोख केलं. आम्ही दोघंच बोललो. दोन्ही जाळी मधे गाठी मारून एक करायची. एक टोक आमची वाडी ओढणार, एक टोक त्यांची. मासा वाळूवर घालायचा, सारखे ढीग लावायचे, आणि पाठमोऱ्या माणसाकडून वाटे नेमायचे.

पाठमोरा वाटा म्हणजे असं. ढीग लावून झाले की एक माणूस ढिगांकडं पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर काठी ठेवून विचारतो, हा कुणाचा? पाठमोरा ज्याचं नाव घेईल त्याचा तो ढीग. त्याला दिसत नाही म्हणून लबाडी नाही. आणि एकदा नाव निघालं की ते बदलायचं नाही, मग ढिगात नुसते झिंगे असोत नाहीतर हातभर वाम. आमच्यात ही शपथेपेक्षा पक्की गोष्ट.

"पाठमोरं कोन ऱ्हाणार?" मी विचारलं. "तुमचा मानूस मला चालायचा न्हाई."

"तुझा मला चालायचा न्हाई. मास्तर?"

मास्तर म्हणाले, "मला नको. मी महिनाभर उपाशी आहे. वासावरून ओळखीन."

तात्या पाण्याकडं बघत म्हणाले, "तुझी कौसा ऱ्हाईल. तशी तुझी हाय, तशी आमची हाय. धड कुणाचीच न्हाई अजून."

मला ते बोलणं लागलं. पण चूक काढता येईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही जाळं ओढलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ जाळी ओढली, धरणाचं पाणी आल्यावर यांत्रिक होडीतूनही ओढली, पण त्या दिवसासारखा दिवस परत आला नाही. आता तो डोहच दिसत नाही, धरणाच्या फुगवट्याखाली गेला, वर नुसतं गढूळ पाणी आहे आणि त्याला वाससुद्धा नदीचा येत नाही. असो. त्या दिवशी अलीकडची बायकापोरं आमच्या दोराला, पलीकडची त्यांच्या दोराला. बबन आणि मी गाठीपाशी, गळ्याइतक्या पाण्यात, जाळ्याची खालची कड पायांनी दाबत चाललो होतो. आत मासा असा धडका देत होता की पोटऱ्या सुन्न झाल्या.

बबन म्हणाला, "पाव्हणं, जोरात वढाया सांगा तुमच्या लोकांना."

"तुमच्या लोकांना सांगा. आमचा दोर पुढं हाय."

"पुढं हाय म्हनूनच जाळं तिरकं चाललंय."

"तिरकं तुमच्यामुळं—" एवढं बोललो आणि पायाखालचा गोटा सरकून मी बुडालो. वर आलो तेव्हा बबननं मला दंडाला धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं जाळं. जाळं सोडलं असतं तर मासा गेला असता, मला सोडलं असतं तर मी वैतागलो असतो. त्यानं दोन्ही सोडलं नाही. पोरगं कामाचं आहे हे मला त्या क्षणी पटलं, पण मी ते त्याला कित्येक वर्षं सांगितलं नाही.

जाळं वाळूला लागलं आणि सगळी नदी चांदीची झाली. पोरं त्यात पडली, उठली, परत पडली. म्हाताऱ्या बायका पदरात मासे धरून हसत होत्या. मास्तर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून मधोमध उभे होते आणि एका मरळीच्या डोळ्यात बघत म्हणत होते, "पाणी आहे, मारुती. याच्या डोळ्यात पाणी आहे."

तात्यांनी आणि मी मिळून ढीग लावले. इकडचा मासा तिकडं टाक, तिकडचा इकडं, असं करत करत सारखे केले. दोन्ही वाड्या समोरासमोर बसल्या. कौसा ढिगांकडं पाठ करून उभी राहिली, पदर कमरेला खोचलेला, हातांवर खडीचे फोड. मी पहिल्या ढिगावर काठी ठेवली.

"ह्यो कुनाचा?"

"अलीकडचा."

"ह्यो?"

"पलीकडचा."

तिसरा अलीकडचा, चौथा पलीकडचा. सगळं रीतीनं चाललं होतं. मग मी पाचव्या ढिगावर काठी ठेवली. त्यात तो लेकराएवढा रोहू होता, आणि माझा जीव त्याच्यात अडकला होता हे कबूल करतो.

"ह्यो कुनाचा?"

कौसा म्हणाली, "माझा."

कुणालाच काही कळेना. मी म्हणालो, "कौसे, वाटे दोनच हायेत."

"मला ठाव हाय. ह्यो माझा."

तात्या पुढं झाले. "पोरी, नाव वाडीचं घ्यायचं असतं."

ती वळली नाही. रीत मोडायची नाही म्हणून पाठमोरीच बोलत राहिली. "मामंजी, माझी वाडी कंची त्ये सांगा. दादा म्हन्तो हद्द ठरल्याबिगर लगीन न्हाई. तुमी म्हन्ता हद्द ठरल्याबिगर लगीन न्हाई. मंग मी कुठं हाय? मी मधल्या पान्यात. मधल्या पान्याचा वाटा माझा. विचार रं दादा पुढचा."

मी काठी पुढच्या ढिगावर ठेवली. न ठेवून सांगतो कुणाला?

"ह्यो?"

"माझा."

"ह्यो?"

"त्योबी माझा."

शेवटच्या ढिगापर्यंत माझा, माझा करत गेली. दोन्ही वाड्यांकडं मिळून चार ढीग आणि बाकी सगळी नदी माझ्या बहिणीच्या मालकीची. आणि नाव बदलता येत नाही. एका बाजूनं माझी आई हसायला लागली, तोंडाला पदर न लावता.

तात्या कसेबसे म्हणाले, "आगं, एवढ्याचं तू करनार काय?"

"जेवान घालनार. दोनी वाड्यांना, हळदीचं. मासा ह्या उन्हात उद्यापतूर टिकतोय, परवा टिकायचा न्हाई. ज्याला हळद लावायची त्यानं आज लावावी, अक्षता टाकायच्या त्यानं उद्या टाकाव्यात. ज्याला भांडायचंय त्यानं मासळी नासल्यावर भांडावं."

बबन खाली बघत होता, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. दोन म्होरक्यांनी इतकी वर्षं जमवलेली ऐट एका पोरीनं पाठ फिरवून उतरवली होती. तात्यांनी मिशीला हात लावला आणि म्हणाले, "मारुतराव, हळद हाय का घरात?"

"हाय थोडी."

"मंग उभं काय ऱ्हायलाय?"

हळद नदीच्या कोरड्या पात्रात लागली. मांडव कुणाच्या काठाला घालायचा यावर थोडा वाद झालाच, पण बायकांनी तो ऐकलाच नाही. वाळूत चुली मांडल्या, आमच्या सहा, त्यांच्या सहा, कालवण कुणाचं चांगलं झालं यावर आजही बोलणं होतं. आमचंच झालं होतं. मिलोच्या भाकरी, माशाचं कालवण, आणि दोन्ही वाड्या अशा जेवल्या की त्या सालात कुणी जेवलं नसेल. मास्तरांना तात्यांनी आणि मी दोन बाजूंनी आग्रह केला. त्यांच्या ताटात काट्यांचा ढीग झाला होता.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. काष्टीहून आलेले भटजी मंगलाष्टकं म्हणताना नाकाला उपरणं लावत होते, त्यामुळं शब्द कुणाला नीट ऐकू आले नाहीत, पण लग्न लागलं. संध्याकाळी कौसा काहिलीत बसून पलीकडं गेली. जाताना रडली नाही. माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "दादा, आता राखायला काय उरलंय? डोहात मासा न्हाई, घरात मी न्हाई." मग हसली. काहील यावेळी एकटा बबन वल्हवत होता, ती सरळ गेली.

हद्द ठरली का, असं लोक मला विचारतात. ठरली नाही. अख्खा डोह नगर जिल्ह्यात होता, आणि तात्या मरेपर्यंत म्हणत होते की तो पुण्यात होता. भाच्यांसमोर आमची या गोष्टीवरून दर दिवाळीला जुंपायची.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई डोक्याला फडकं बांधून कामावर निघाली, तेव्हा मी तिच्याबरोबर निघालो. कामावर कौसाची जागा मोकळी होती, आमच्या वाडीच्या बायकांच्या रांगेत, तिथं मी जाऊन बसलो आणि हातोडा घेतला. बायका हसल्या, मी हसू दिलं. थोड्या वेळानं मुकादम आला आणि नाक मुरडून म्हणाला, "भोया, हातांना लई वास येतुया तुझ्या. वाऱ्याखाली सरक."

मी सरकलो.